कॉन्व्हेंटमध्ये नवीन टीचर म्हणून लागलात? पालक तक्रार घेऊन आले की काय करायचं

जूनचा दुसरा पंधरवडा, बाहेर धो धो पाऊस, सकाळची शिफ्ट सुटतेय आणि दुपारची आत येतेय, गेटवर छत्र्या, रेनकोट, व्हॅनवाले काका, त्या सगळ्या गोंधळात एक आई पुढे येते आणि म्हणते, "मिस, दोन मिनिटं बोलायचंय." नवीन टीचरकडे पहिली तक्रार बहुतेक अशीच येते. आणि नवीन टीचर घाबरून तिथेच, उभ्या उभ्या, काहीतरी उत्तर देऊन टाकते. तिथूनच बिघडतं सगळं.

मी ठाण्यात एका कॅथलिक शाळेत २१ वर्षं आहे, त्यातली शेवटची आठ सुपरवायझर म्हणून. बीएडला धडा कसा घ्यायचा, फळा कसा वापरायचा हे शिकवतात, पण चिडलेल्या बापाशी कसं बोलायचं हे कोणीच शिकवत नाही, म्हणून दरवर्षी नवीन मुलींना जे तोंडी सांगते ते एकदा नीट लिहून काढतेय. नवी मुंबईत वाशी-नेरुळकडे लागला असाल तरी यातलं बरंचसं तुम्हाला लागू पडेल.

आधी शाळा कोणाची आहे ते समजून घ्या

हे पहिल्याच आठवड्यात करा, तक्रार यायच्या आधी. काही शाळा पॅरिशच्या असतात म्हणजे चर्चला लागून, तिथे त्या चर्चचे पॅरिश प्रिस्ट हेच बहुतेक शाळेचे मॅनेजर असतात. काही शाळा सिस्टर्सच्या किंवा फादर-ब्रदर लोकांच्या संस्थेच्या असतात, तिथे निर्णय संस्थेतून येतात. ठाणे आणि नवी मुंबई चर्चच्या दृष्टीने मुंबई महाधर्मप्रांतात, म्हणजे मुंबईच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत येतात, वसईचा धर्मप्रांत १९९८ मध्ये वेगळा झाला. हे कशाला माहीत हवं तर पालक थेट विचारतात, "तुमच्या वर कोण आहे?" आणि तुम्हाला उत्तर आलं नाही की त्यांना वाटतं तुम्ही लपवताय.

दुसरं म्हणजे वर्गाकडे बघा. शाळा ख्रिस्ती असली तरी वर्गातली बरीचशी मुलं ख्रिस्ती नसतात. माझ्या वर्गात ६० मध्ये दहा-बारा ख्रिस्ती असायची, बाकी आगरी-कोळी, मराठा, गुजराती, मुसलमान, दक्षिणेकडचे, सगळे. आणि बऱ्याच घरात आई-बाप दोघंही मराठी मीडियमचे, पोराला मात्र पोटाला चिमटा काढून इंग्लिशमध्ये घातलेलं. हे लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं यावर आहे.

पहिली पायरी: बसवा, आणि त्यांच्या भाषेत बोला

गेटवर उत्तर द्यायचं नाही. "इथे गडबड आहे, तुमचं नीट ऐकायचंय मला, आत या" एवढंच म्हणायचं. तास असेल तर वेळ द्या, पण नक्की वेळ द्या, "उद्या साडेबाराला या" असं सांगा, "बघू नंतर" असं नको. आत आल्यावर खुर्ची, पाणी, आणि तुम्ही टेबलाच्या पलीकडे बसण्याऐवजी बाजूला बसा.

मग भाषा. यावर मी जरा जास्त बोलते कारण मला हे मनापासून लागतं. वागळे इस्टेटमध्ये काम करणारा बाप अर्धा दिवस रजा टाकून येतो, घरून चार वाक्यं मनात जुळवून आलेला असतो, आणि समोरची टीचर, जी स्वतः डोंबिवलीची मराठी मुलगी आहे, त्याला इंग्लिशमध्ये उत्तर देते कारण शाळेत इंग्लिश बोलायची सवय लागलीय. तो माणूस तिथेच अर्धा खचतो. मग एक तर तो गप्प होतो आणि घरी जाऊन पोरावर राग काढतो, नाहीतर आवाज चढवतो कारण त्याच्याकडे दुसरं काही उरत नाही. ज्या मीटिंगमध्ये पालक ओरडले असं नवीन टीचर मला सांगतात त्यातल्या कितीतरी मीटिंगमध्ये आधी हेच झालेलं असतं. आजी आली असेल तर "आजी, बसा" म्हणा. मराठीत बोलल्याने शाळेचा दर्जा कमी होत नाही. २०२० च्या कायद्याने तर महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालंय, मग पालकाशी बोलताना संकोच कसला.

पाच-सात मिनिटं त्यांना बोलू द्या. मध्ये "पण" म्हणू नका. "पण तुमचा मुलगाही" हे तर अजिबात नको, ते खरं असलं तरी.

दुसरी पायरी: लिहा

त्यांच्या समोर वही उघडा आणि लिहा. तारीख, मुलाचं नाव, वर्ग, नक्की काय झालं, कधी झालं, कोणी पाहिलं. त्यांचे शब्द लिहा, तुमचे नाही. ते म्हणाले "पोराला दोन दिवस बाहेर उभं केलं" तर तसंच, "शिस्तीसंदर्भात तक्रार" असं गुळगुळीत नको. शेवटी वाचून दाखवा आणि एक प्रश्न विचारा: "शाळेने काय करावं असं तुम्हाला वाटतं?" हा प्रश्न विचारला की निम्म्या तक्रारी लहान होतात, कारण कोणाला फक्त बेंच बदलून हवा असतो, कोणाला डायरीतला लाल रिमार्क खुपलेला असतो, कोणाला एवढंच हवं असतं की टीचरने एकदा फोन करावा.

लेखी अर्ज आणला असेल तर तुमच्या पर्समध्ये ठेवू नका. ऑफिसमध्ये द्या, आवक नंबर पडू दे, आणि त्यांच्या कॉपीवर शिक्का मारून द्या. पालकाने पोच मागितली म्हणजे तो भांडायला आलाय असं समजू नका, तो त्याचा हक्क आहे.

आणि त्याच बैठकीत निकाल द्यायचा नाही. "मी चौकशी करते आणि शुक्रवारपर्यंत तुम्हाला कळवते." शुक्रवार म्हटलं की शुक्रवार, उत्तर तयार नसलं तरी फोन करून तेवढं सांगायचं.

तिसरी पायरी: कोणाकडे जायचं ते ठरवा

साधा क्रम असा: क्लास टीचर किंवा विषयाची टीचर, मग सुपरवायझर, मग प्रिन्सिपल, मग मॅनेजर. मत्तयच्या शुभवर्तमानात १८ व्या अध्यायात येशू हेच सांगतो, भावाने तुझा अपराध केला तर आधी एकट्याने त्याला भेट, नाही ऐकलं तर एक-दोघांना घेऊन जा, तरी नाही तर मग मंडळीला सांग. आमच्याकडे स्टाफच्या रिकलेक्शनला, म्हणजे प्रार्थना-चिंतनाच्या दिवशी, फादर हाच उतारा घेतात आणि मला तो फार व्यवहारी वाटतो, कारण त्यात माणसाची इज्जत राखून बोलायची सोय आहे. पालक सरळ प्रिन्सिपलकडे गेले तर चिडू नका, प्रिन्सिपल बहुतेक विचारतातच, "क्लास टीचरशी बोललात का?"

पालक कधी पक्षाच्या शाखेतल्या माणसांना किंवा नगरसेवकाला घेऊन येतात. तेव्हा एकट्याने बोलायचं नाही, त्यांना प्रिन्सिपलच्या ऑफिसमध्ये न्यायचं आणि मुलाविषयीचं बोलणं फक्त आई-वडिलांसमोर करायचं. बरोबर आलेल्यांना बाहेर चहा द्या, अपमान करू नका.

एका प्रकारच्या तक्रारीला हा क्रम लागू नाही. ते खाली सांगते, आणि ते वाचल्याशिवाय जाऊ नका.

चौथी पायरी: दुसरी बाजू, आणि पोराशी बोलणं

नीतिसूत्रांत १८ व्या अध्यायात एक वचन आहे, की वादात जो आधी बोलतो तो खरा वाटतो, दुसरा येऊन त्याला विचारेपर्यंत. म्हणून दुसऱ्या टीचरला विचारा, मावशींना विचारा (मावशींना कॉरिडॉरमधलं सगळं माहीत असतं), सीसीटीव्ही असेल तर प्रिन्सिपलच्या परवानगीने बघा.

पोराशी बोलणं सगळ्यात नाजूक. इथे मी स्वतः जे केलं ते सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका आईने तक्रार केली की तिच्या मुलाला बाकीची मुलं "वास येतो" म्हणून चिडवतात. त्यांचं मच्छीचं काम होतं. मी दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि सगळ्यांसमोर त्या मुलाला उभं करून विचारलं, "तुझी आई काल आली होती, सांग कोण चिडवतं तुला?" माझा हेतू चांगला होता, मला वाटलं मी त्याच्या बाजूने उभी राहतेय. तो काहीच बोलला नाही. त्या दिवसापासून वर्षभर तो माझ्याशी बोललाच नाही, आणि चिडवणं थांबायच्या ऐवजी त्यात "आईला सांगतो" हे वाढलं. त्याची आई पुन्हा कधी शाळेत आली नाही. आजही जांभळी नाक्याला मार्केटमध्ये गेले की मला तो आठवतो.

म्हणून नियम: तक्रार आलीय हे वर्गाला कळता कामा नये. मुलाशी बोलायचं तर रिसेसला, लायब्ररीत, दार उघडं ठेवून, शक्यतो दुसरी टीचर जवळ असताना. "आईने सांगितलं" असं नाही, "तुझं कसं चाललंय, कोणाशेजारी बसायला आवडतं" असं सुरू करा. आणि ज्या टीचरविरुद्ध तक्रार आहे तिने त्या मुलाला पुढचे दोन आठवडे काहीही टोचून बोलायचं नाही, "जा, आता आईला सांग" हे वाक्य तर मी स्टाफरूममध्येसुद्धा खपवून घेत नाही.

पाचवी पायरी: उत्तर द्या, आणि चुकलं असेल तर माफी मागा

ठरल्या दिवशी बोलवा. काय कळलं, काय केलं, पुढे काय करणार, एवढं सांगा. दुसऱ्या मुलाला काय शिक्षा झाली ते सांगायचं नाही, तोही कोणाचा तरी मुलगा आहे. आपलं चुकलं असेल तर सरळ "आमचं चुकलं, माफ करा" म्हणा. "तुम्हाला तसं वाटलं असेल तर सॉरी" ही माफी नाही. तक्रार खरी नसली तरी "आम्हाला असं आढळलं नाही, पण पुढचा महिनाभर मी लक्ष ठेवते" असं सांगून खरंच लक्ष ठेवा.

धर्मावरून येणाऱ्या तक्रारी

आता जे फक्त आपल्या शाळांत येतं ते. टिकली काढायला लावली, मेंदीचे हात बघून ओरडल्या, राखी कापली, प्रेयरला हात जोडायला लावतात, क्रिबसमोर (नाताळातल्या येशूजन्माच्या देखाव्यासमोर) उभं केलं, गणपतीत टेस्ट ठेवली. यात नवीन टीचर दोन चुका करतात, एक तर "आमची शाळा ख्रिस्ती आहे, ॲडमिशनच्या वेळी माहीत नव्हतं का" असं बोलतात, नाहीतर घाबरून काहीही कबूल करतात. दोन्ही नको.

कायदा काय म्हणतो ते आधी माहीत करून घ्या. घटनेच्या कलम ३० प्रमाणे अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क आहे. पण त्याच घटनेत कलम २८(३) आहे, की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणत्याही मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. म्हणूनच कॅटेकिझमचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा तास कॅथलिक मुलांना असतो आणि त्याच वेळी बाकीच्यांना मॉरल सायन्स किंवा व्हॅल्यू एज्युकेशन. टाइमटेबलमध्ये हे वेगळं का आहे ते पालकाला समजावून सांगता यायला हवं. एखाद्या पालकाने म्हटलं की माझी मुलगी प्रेयर म्हणणार नाही, तर ती शांत उभी राहू शकते, त्यावरून तिला कोणी काही बोलायचं नाही आणि तिच्या रिमार्कमध्येही ते येता कामा नये.

टिकली, मेंदी, राखीचं सांगायचं तर ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना पत्र लिहून कळवलं होतं की सणासुदीला राखी, टिळा, मेंदी यावरून मुलांना शिक्षा होऊ देऊ नका. युनिफॉर्मचे नियम शाळेच्या कॅलेंडरमध्ये छापलेले असतात, ते असू देत, पण मनगटावरची राखी कापणं हे शिस्त नाही, त्या पोराच्या बहिणीला दुखावणं आहे. मी नवीन टीचर्सना सांगते, ख्रिस्ती शाळेची ख्रिस्ती ओळख तुमच्या वागण्यातून दिसू दे, मुलीच्या कपाळावरची टिकली पुसून ती दिसत नाही.

गणपतीची तक्रार तर दरवर्षीची. अर्धा वर्ग कोकणात गावी गेलेला असतो, गौरी-विसर्जन करून रात्रभर प्रवास करून पोरं येतात आणि सोमवारी युनिट टेस्ट. पालक बरोबर असतात इथे. एप्रिल-मेमध्ये कॅलेंडर बनतं तेव्हाच पंचांग बघून सुपरवायझरला आठवण करा, नंतर अर्ज गोळा करत बसण्यापेक्षा बरं. मुसलमान मुलांच्या ईदचंही तसंच, चंद्रावर तारीख हलते म्हणून एक दिवस मोकळा ठेवा. ख्रिस्ती पालकांचीही उलटी तक्रार असते, की गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी प्रोजेक्ट सबमिशन कशाला, तीही तितकीच खरी.

"तुम्ही मुलांचं धर्मांतर करता का?" असं कोणी विचारलं तर दुखावून जाऊ नका. त्यांना असेंब्लीला बोलवा, मॉरल सायन्सचं पुस्तक हातात द्या, म्हणा बसा, वाचा, मग बोलू. आमच्याकडे एक वडील असे येऊन बसले होते, पुढच्या वर्षी तेच पीटीएत, म्हणजे पालक-शिक्षक संघात आले.

फी, ॲडमिशन, बस

यावर तुम्ही मत द्यायचंच नाही, ऑफिसकडे पाठवा. फक्त एवढं माहीत असू द्या की महाराष्ट्रात फीसाठी २०११ चा कायदा आहे, त्यात पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते आणि तिच्यातले पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या गरीब-वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के जागांचं कोणी विचारलं तर, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रमती खटल्यात निकाल दिला की तो कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. बसची तक्रार, घोडबंदर रोडला ट्रॅफिक लागून पोरं तासभर उशिरा घरी पोचली वगैरे, शाळेच्या परिवहन समितीकडे द्यायची. प्रायव्हेट व्हॅन असली तरी "ती आमची नाही" म्हणून हात झटकू नका, व्हॅनचा नंबर लिहून घ्या. मात्र पूर्ण फी भरली नाही म्हणून वर्गात कोणाचं नाव घ्यायचं नाही, तुम्हाला वरून सांगितलं तरी नाही.

ज्या तक्रारीला थांबायचं नसतं

कोणी कुठे हात लावला, कोणी फोटो काढले, कोणी मुलीला टॉयलेटजवळ अडवलं, ड्रायव्हर, शिपाई, टीचर, फादर, मोठ्या वर्गातला मुलगा, कोणीही असो. इथे वरचा क्रम नाही, शुक्रवार नाही, चौकशी करून सांगते असंही नाही. तुमचं काम चौकशी करणं नाहीच. त्याच तासाला प्रिन्सिपलकडे जा आणि पोलिसांना कळलंय याची खात्री करा. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखाने दाबलं तर एक वर्षापर्यंत. प्रिन्सिपल "बघू" म्हणाले तरी तुमची जबाबदारी संपत नाही, तुम्ही स्वतः कळवू शकता. चाइल्डलाइनचा नंबर १०९८ आहे, पाठ करा.

मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका, चार टीचर्ससमोर सांगायला लावू नका. त्याने जे सांगितलं ते त्याच्या शब्दांत लिहून ठेवा, "तू खरं सांगितलंस, चांगलं केलंस" म्हणा, आणि त्याचं नाव कोणालाही, स्टाफरूममध्येही, सांगू नका.

ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं, त्यानंतर शासनाने जीआर काढला, त्यात सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (मुला-मुलींच्या सुरक्षेसाठी शाळेत असते ती), कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी हे सगळं आहे, आणि असा प्रकार कळल्यावर शाळेने २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवायचं आहे. तुमच्या शाळेत तक्रारपेटी कुठे आहे, ती कोण उघडतं, समितीत कोण आहे, हे पहिल्या आठवड्यात विचारा. नवीन आहात म्हणून लाजू नका.

आणि एक गोष्ट मला खास ख्रिस्ती शाळेतल्या लोकांना सांगायचीय. आपल्याकडे क्षमेवर खूप बोललं जातं आणि ते बरोबरच आहे, पण लहान मुलाला इजा झाली असताना त्याच्या आई-वडिलांना "क्षमा करा, शाळेचं नाव आहे, चर्चचं नाव आहे" असं सांगणं हे पाप आहे असं मी मानते. क्षमा करायची की नाही हे त्या मुलाने आणि त्याच्या घरच्यांनी ठरवायचं, कधी ठरवायचं तेही त्यांनीच. आपण फक्त पोलिसांकडे जायचं.

व्हॉट्सॲप

पालकांच्या ग्रुपमध्ये तुम्ही असू नका. कोणी स्क्रीनशॉट पाठवला तर ग्रुपवर उत्तर द्यायचं नाही, ज्याची तक्रार आहे त्याला फोन करून शाळेत बोलवायचं. रात्री साडेदहाला आलेल्या मेसेजला सकाळी उत्तर दिलं तरी चालतं.

सगळं झाल्यावर

मिटिंग झाली, पालक गेले, वही बंद केली म्हणजे काम झालं असं नाही. पंधरा दिवसांनी त्या घरी एक फोन करा, दोनच मिनिटांचा, "आता कसं चाललंय, घरी काही बोलतो का?" मी त्यासाठी वहीत मागच्या पानावर तारखा लिहून ठेवते. आणि रोज हजेरी घेताना त्या मुलाच्या चेहऱ्याकडे अर्धा सेकंद जास्त बघा, डबा कोणाबरोबर खातो ते रिसेसला बघा. तो एकटा बसून खात असेल तर वही परत उघडा.